सुखसोयींची हानी

टेम्पोने उडवल्यापासून संघमित्राचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भरपाईच्या अर्जात तिच्या वकिलाने लिहिलं होतं, ‘सुखसोयींची हानी’.

कोर्टात विमा कंपनीचे वकील उलटतपासणीला उठले. “बाई, अपघाताने तुमच्या कोणत्या सुखसोयी गेल्या?”

संघमित्रा गोंधळली. “बीडीडी चाळीत वाढलो साहेब, संडाससुद्धा सगळ्यांचा मिळून. सुखसोयी होत्याच कुठे?”

“नोंद घ्यावी,” वकील हसले. “काहीच गेलेलं नाही.”

मागच्या बाकावरून तिचा भाऊ राजरत्न ओरडला, “ताई, लिफ्ट-पंख्याचं नाही विचारत गं! लेझीमचं सांग!”

न्यायाधीशांनी त्याला गप्प बसवलं, पण संघमित्राला अर्थ कळला होता. ती संतापली.

“हसताय काय? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वीस वर्षं मी चाळीतल्या पोरींना लेझीम शिकवली. यंदा नुसती तोंडाने सांगत राहिले. पोरी बघून शिकतात हो, ऐकून नाही! जगण्यातला असा आनंद गेला, तर कायद्यात त्यालाच सुखसोय म्हणतात, हे आम्हाला कुणी सांगितलं? शब्द तुमचा, आणि अडकवताय आम्हाला!”

टंकलेखक थांबला होता.

“थांबलात का?” न्यायाधीश म्हणाल्या. “हेही उत्तरच आहे. बाई बोलल्या तसंच लिहा.”