सातवा रस्ता

नाशकात माझा चेहरा कोणी ओळखत नाही, पण आवाज सगळे ओळखतात, कारण आमच्या भागातल्या घंटागाडीवर ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं बजावणारी बाई मीच, आणि फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत लोकांचा जीव खाणारीही मीच; त्यापायी किती शिव्या खाल्ल्या असतील देव जाणे. झोपायच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात चारी बाजूंनी आईनं शिवलेल्या गोधड्या टांगल्या आहेत. त्यांत उभी राहून मी माइकसमोर बोलते, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येत नाही.

यंदा एका सहल कंपनीसाठी इंग्लंडातल्या लेचवर्थ या उद्याननगरीची माहिती मी मराठीतून वाचली. सहलीतल्या लोकांनी कानात यंत्र घालून गावभर हिंडायचं आणि माझ्या आवाजानं त्यांना वाट दाखवायची, असं ते काम. लंडनच्या धुराला आणि दाटीला पर्याय म्हणून १९०३ साली उघड्या शेतांत वसवलेलं गाव, कारखाने एका अंगाला आणि घरं झाडांत, बायकांची कंबर आवळायचे कॉर्सेट शिवायचा कारखाना, ज्यात कामगारांना नाचायला चक्क दिवाणखाना होता, काळ्या खारी, आणि शेवटच्या थांब्यावर इंग्लंडातला पहिला म्हणून मिरवणारा गोल चौक, जिथे सहा रस्ते येऊन मिळतात. त्या गावात पन्नासएक वर्षं दारूचं दुकान नव्हतं, हे वाचून दाखवलं तेव्हा माझी आई कुसाबाई, जिचा सगळा जन्म घोटीला भातगिरणीच्या धुरळ्यात गेला, कौतुकानं म्हणाली, "मंग लय शानी मान्सं हायेत."

झालं, मी हट्टालाच पेटले. बाबा गेल्यापासून आई घोटीच्या घरात एकटी बसून असायची, आणि कंपनीनं सहलीत माझ्यासाठी एक जागा देऊ केली होती, ती मी तिच्या नावावर करून टाकली.

"मला तिकडं कोन हाय?" ती सारखी म्हणायची.

"अगं, कानात मी आहेच की. मी सांगेन तशी चालत राहा."

हे वाक्य तोंडातून गेलं नसतं तर बरं झालं असतं.

आईचा एक नियम होता. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. 'ते' दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतं ते आपलं माणूस, असं ती म्हणायची, आणि लहानपणी पहिल्या हाकेला मी ओ दिली की पाठीत धपाटा बसायचा.

गेल्या मंगळवारी दुपारी दोनला तिचा लेचवर्थहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. आई मजेत दिसत होती, घाम पुसत चालत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाट, सारख्या उंचीची झाडं होती.

"बाकीचे कुठेत गं?"

"चौकात हायेत. तू म्हनली सातव्या रस्त्यानं ये, म्हून आले मी."

"सहा रस्ते आहेत, आई. मी सहाच म्हटलंय."

"मी मोजले ना. सात हायेत."

तिचा कॉल तसाच चालू ठेवून घरातल्या दुसऱ्या फोनवरून मी सहलीच्या व्यवस्थापकाला, रविराजला, गाठलं. तो निवांत होता. "ताई, माहिती ऐकून संपलीसुद्धा. सगळ्यांची यंत्रं गोळा केली मी. मावशींचं चौदा नंबरचं माझ्या हातातच आहे. मावशी काय, असतील इथंच."

मी पडद्यावर पाहिलं. आईच्या कानात कुडीशिवाय काही नव्हतं.

"आई, थांब! मागे फीर आधी. कुणाला ओ देऊ नकोस!"

"आता गं बाई," ती हसली. "दिली की मघाच. तीनदा हाक मारली तू, तवाच दिली."

तेवढ्यात तिच्या पलीकडून, झाडांतून, शांत स्पष्ट आवाज आला, प्रत्येक शब्द नीट उच्चारलेला, जसा मी कपाटात उभी राहून उच्चारते तसा. "आई, फोन ठेव आता. हात धर माझा."

आई माझं नेहमी ऐकते. तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी रविराज फोनवर रडत होता. पोलिसांनी सहाही रस्ते शेवटापर्यंत पाहिले, म्हणाला. मी सातव्याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही जरा आराम करा."

आज चौथा दिवस. मघाशी घंटागाडी येऊन गेली, माझाच आवाज गल्लीभर ओरडत, आणि ती वळली तशी घरात सामसूम झाली. तेव्हा कपाटातून हाक आली.

"पर्तिभा."

माझं नाव असं फक्त आईच घेते. मी उठून दारापाशी गेले. गोधड्या हलत होत्या, आणि जिथे कपाटाची मागची फळी आहे तिथून ओल्या पानांचा वास येत होता.

"पर्तिभा."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला सगळं ठाऊक होतं. तिसरी हाक आता कुणीही मारतं, हेही ठाऊक होतं. पण चार दिवसांत आईचा आवाज ऐकला नव्हता हो मी.

"पर्तिभा."

मी गोधडी बाजूला सारली.

"ओ," मी म्हणाले.