कोपऱ्यावरची रेंज

आमचे हे कितीतरी दिवस गल्लीच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर, हातात फोन धरून उभे असायचे. लोकांना वाटलं, मी घराबाहेर काढलं. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पटलंही असेल.

खरं कारण एवढंच की आमच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत मोबाइलला रेंजच नाही. एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, कटकट गेली. पण यांच्या डोळ्यांची बुबुळं पार धुरकट झाली होती. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस पाण्याचा पेला चाचपडत शोधायचा. नेत्रपेढीत नाव लावलं होतं. दानात आलेलं बुबुळ फार काळ टिकत नाही; तिथून फोन आला की लगेच उचलायचा, नाहीतर ते पुढच्याला जातं. एकदा तसं झालंच. फोन घरात होता, वाजलाच नाही. संध्याकाळी बाहेर पडल्यावर मेसेज आला, तो मीच यांना वाचून दाखवला. मी रडले नाही, भांडी आपटली. तेव्हापासून हे कोपऱ्यावर.

मोबाइलवाल्याने यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून दिलं. म्हणाला, घरात वायफाय असलं की रेंज नसली तरी याच नंबरावर फोन वाजेल. आता घरात वायफाय होतं, पण ते वरच्या मजल्यावर, थोरल्या जावेकडे. आणि आम्ही दोघी बोलत नव्हतो. माझ्या शिलाई मशीनच्या घरघरीने तिची दुपारची झोप मोडते म्हणून ती एकदा दारात येऊन ओरडली, "ते मशीन बंद कर आधी." मीही तिला चार शब्द ऐकवले आणि तिचं नेट नको म्हणून आमच्या दोन्ही फोनांतलं वायफाय बंद करून टाकलं. नवं कनेक्शन देणारे आज येतो, उद्या येतो करत होते.

एका दुपारी हे गुडघा फोडून घेऊन आले. सायकलवाल्याचा धक्का लागला होता. पडताना फोन कसा छातीशी धरला, तेच मला कौतुकाने सांगत बसले. फोन हिसकावला आणि वायफाय चालू केलं. जावेने पासवर्ड केव्हाच बदलला असणार. तेवढं एकदा बघायचं आणि मग नाक मुठीत धरून वर जायचं, असं ठरवलं.

फोन आपसूक जोडला गेला. पट्ट्याही पूर्ण आल्या. पूर्वी राउटर तिच्या टीव्हीपाशी असायचा, तेव्हा खाली जेमतेम एक पट्टी यायची.

मी जिन्यात गेले. वळणावर स्टूल, स्टुलावर राउटर, वरून आणलेली वायर कठड्याला जागोजाग दोऱ्याने बांधलेली. वर दारात जाऊ उभी होती.

"हे इथे कधी आणलंत?"

"भावजी कोपऱ्यावर उभे राहायला लागले तेव्हा. वर माझेही फोन वायफायवरच येतात, म्हणून सुचलं."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

नसतंच घेतलं. मी पदर डोळ्यांना लावला, तर ती म्हणाली, आता जिन्यात रडू नकोस, घसरशील.

त्यानंतर हे घरातच बसू लागले. एका सकाळी हे अंघोळीला गेले होते, फोन जिन्याकडच्या खोलीत टेबलावर होता आणि मी आत मशीनवर एक जाड पडदा रेटत होते. तेवढ्यात जाऊ धडधडत जिना उतरून दारात आली आणि अगदी तेव्हासारखीच ओरडली, "ते मशीन बंद कर आधी."

मी पाय उचलला. खोलीत फोन वाजत होता.

नेत्रपेढीचाच होता. मी म्हटलं, निघालोच. आवाज खणखणीत निघाला. हे साबणाच्या तोंडाने बाहेर आले, कोण, कोण विचारत. मी कपाटातून यांची फाइल काढत होते. जावेनेच सांगितलं, आणि सांगता सांगता वाकून त्यांच्या चपला दाराकडे सरळ करून ठेवल्या.