बिनझाकणाची कडबाकुट्टी

मी एक जुनी, विजेवरची कडबाकुट्टी आहे. उसाचं वाढं असो की मका, माझ्या तोंडात पेंढी सरकवली की चाकावरची दोन पाती तिची बारीक कुट्टी करीत आणि म्हशी ती चवीनं खात. मित्रांनो, आज मी एका लोखंडी गाईच्या खांद्यात बसले आहे. पण इथवर येईपर्यंत मी फार भ्याले. लोखंडाला कसली आली भीती, म्हणून हसू नका.

वडगाव निंबाळकरजवळच्या एका वस्तीवर हिंदुराव आणि द्वारकाबाई यांच्या गोठ्यात मी नवी कोरी आले. अंगाला हिरवा रंग, चाकावर पत्र्याचं भक्कम झाकण. हिंदुरावांनी पांढऱ्या रंगानं माझ्यावर 'सौ. द्वारकाबाई' असं नाव घातलं. त्यातला 'द्वा' जरा तिरकाच झाला. खंडेनवमीला द्वारकाबाई मला हळदकुंकू वाहत. शेजारचे सोनबा मला बघायला आले आणि म्हणाले, "मशीन न्हाय, वाघ हाय." तेव्हा मी केवढी फुगले होते! आता ते शब्द आठवले की नकोसं होतं.

वाढं अडकलं की झाकण काढावं लागे. हिंदुराव मुळात घाईचे. "दर येळी चार नट कोण खोलत बसणार?" म्हणत त्यांनी एक दिवस झाकण काढलं ते काढलंच. ते गोठ्यात उताणं पडलं आणि कोंबड्या त्यात पाणी पिऊ लागल्या. काम झपाझप होऊ लागलं, म्हणून सगळे खूश होते. मी मात्र तेव्हापासून धास्तावले. माझी पाती उघडी होती आणि मला आपणहून थांबता येत नाही.

एके दुपारी वाढं अडकलं आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. मी थांबले, पण बटन चालूच राहिलं. द्वारकाबाईंनी वाढं ओढायला पात्यांपाशी हात घातला. मला ओरडायचं होतं. पण माझं तोंड चाऱ्याचं, त्याला बोलता कुठं येतं? लाईट आली. द्वारकाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"अवलक्षणी हाय ही," हिंदुराव म्हणाले. त्यांनी मला गोठ्यामागं टाकलं. खंडेनवमी आली, विळ्या-कुदळींना कुंकू लागलं, माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. मग मलाही वाटू लागलं, आपण अवलक्षणीच आहोत. काही वर्षांनी मी बारामतीच्या एका भंगारवाल्याकडं गेले. तिथून भट्टीकडं जाणारे ट्रक भरत. ट्रक सुरू झाला की मला धडकी भरे. आज मी वितळणार, असं रोज वाटायचं.

भट्टीच्या आधी प्रगती आली. ती इंदापूरची, वेल्डिंगवाल्याची लेक. टाकून दिलेल्या लोखंडाच्या मोठमोठ्या मूर्ती करून ती चौकाचौकांत उभ्या करते. मला बघताच तिनं माझ्या पात्यांवरून बोट फिरवलं. मी मनातल्या मनात आकांत केला, बाई गं, हात काढ! तिनं पाती उतरवली, धार घासून बोथट केली आणि त्यांचे गाईचे कान केले. चाक खांद्याला बसवलं, नावाचा पत्रा मानेला. प्रगतीची एक रीत आहे. भंगारावरचं नाव ती कधी खरवडत नाही. त्या गाईच्या अंगावर आसपासच्या गावांतल्या किटल्यांवरची, घमेल्यांवरची किती नावं होती!

"गाय कुठं बसायची?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"वडगावजवळच्या वस्तीवर, डेअरीम्होरं."

मला वाटलं, यापेक्षा भट्टी बरी होती. द्वारकाबाई रोज त्याच डेअरीत दूध घालत. माझ्या मानेवर त्यांचंच नाव होतं. त्या मला ओळखणार, त्यांना ती दुपार पुन्हा आठवणार, या विचारानं टेम्पोत मी खडखडत होते. रस्ता खराब होता म्हणून नव्हे.

गाईवरचा कपडा निघाला. लोक आपापली नावं शोधत हसू लागले. द्वारकाबाई मानेपाशी आल्या. तिरका 'द्वा' त्यांनी पाहिला आणि हात पदराखाली घेतला.

हिंदुराव पुढं झाले. "प्रगती, पुसून टाक त्ये नाव. ह्याच मशीननं हिची बोटं खाल्ली."

प्रगतीचा चेहरा उतरला. "मावशी, मला ठाऊक न्हवतं. तुमी म्हणाल तर आत्ता हे कापून काढते."

कापायचं यंत्र टेम्पोतच होतं. माझा जीव द्वारकाबाईंच्या एका शब्दावर टांगला होता.

द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मशीनला कशाला बोल लावताय? झाकण तुमी काढलं. बटन बंद न करता हात मी घातला."

द्वारकाबाई घराकडं गेल्या आणि कोंबड्यांचं पाणी ओतून ते झाकण घेऊन आल्या. गंजलं होतं, तरी शाबूत होतं. "पोरी, हे बी बसव चाकावर. आन् नाव ऱ्हाऊ दे."

चारही नट हिंदुरावांनी स्वतः आवळले.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी कडबाकुट्ट्या आज चालू आहेत. तुमच्या गोठ्यात असेल तर तिचं झाकण जागेवर आहे का, एवढं बघून या. लाईट गेली तर आधी बटन बंद करायला घरच्यांना सांगा. त्यांनी घाई केली तर हट्ट धरा.

द्वारकाबाई अजून रोज दूध घालायला येतात. आत जाण्याआधी तीन बोटांच्या त्या हातानं माझं झाकण हलवून बघतात. तो हात जवळ आला की मी आजही घाबरते. झाकण हलत नाही. मग त्या किटली उचलतात आणि रांगेत जाऊन उभ्या राहतात.