पंचवीस पॉइंट

डोंगरकडा गावात आमच्या उत्तमरावकाकांइतक्या सुया कुणी टोचल्या नसतील. सगळ्या मेंढरांना, ते सोडा. मेंढरू तक्रार करत नाही, म्हणून काका स्वतःला डॉक्टर समजतात.

रागिणी माझी नणंद, एकोणीस वर्षांची. पाहुणे बघून गेले अन् निरोप आला, पोरगी पसंत, पण अंगानं जरा कमी करा. जसा काही ब्लाउज टीप मारून कमी करायचाय! काकांनी लगेच नांदेडच्या कुण्या ओळखीच्याकडून वजन उतरवायच्या इंजेक्शनची बाटली आणली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. डोस फोनवर विचारला. पलीकडचा म्हणाला, आठवड्याला एकदा, पॉइंट पंचवीस.

आमच्याकडे सिरिंजवरच्या रेघेलाच पॉइंट म्हणतात. सासूबाईंची इन्सुलिनची सिरिंज घरात होतीच. काकांनी मोजून पंचवीस रेघा भरल्या.

“काका, बाटलीसोबतच्या कागदावर शून्य पॉइंट पंचवीस मिलिग्रॅम लिहिलंय. रेघा नाहीत त्या.”

“तू लेकराला पाज. मला नको शिकवू.”

दुसऱ्या दिवसापासून रागिणीला ओकाऱ्या. पाण्याचा घोटही ठरेना.

“चरबी बाहेर पडून राहिली,” काका ओट्यावरून म्हणाले. “औषध लागू झालं.”

तिसऱ्या दिवशी लघवी बंद. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी.

“वहिनी, मी मरते का वं?”

मग मी कुणालाच विचारलं नाही. लेकरू कडेवर घेतलं, तिला ऑटोत घातलं अन् हिंगोलीचा दवाखाना गाठला. काकाही बसलेच, डॉक्टरला समजावून सांगायला.

“किती दिलं?” डॉक्टर मॅडमनी सलाईन लावत विचारलं.

“पॉइंट पंचवीस,” काका ऐटीत.

“रेघा किती?”

“पंचवीस. एकच की ते!”

“पॉइंट पंचवीस मिलिग्रॅम म्हणजे या बाटलीतून दहाच रेघा. तुम्ही अडीचपट टोचलं. अंगातून उतरायला कित्येक दिवस लागतील.”

काका वरमले असतील असं वाटेल तुम्हाला. छे!

“मग शुक्रवारच्या पुढच्या डोसला धाच देऊ. बराबर ना?”

रागिणीनं आजवर काकांपुढं मान वर केली नव्हती.

“तुमच्या हातचं मला पाणीबी नगं, काका. अन् त्या पाहुण्यायला सांगा, वजनकाटा घेऊन दुसऱ्या दारी जा.”

संध्याकाळी मी तिला भाताच्या पेजेचा एक चमचा भरवला. दोघी घड्याळाकडं बघत बसलो.

पेज पोटात राहिली.