तीन फुल्या

मंगळवारी सकाळी मी दाराच्या चौकटीला रंधा मारत होतो, तेव्हा मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताई बसस्टॉपवर पडली. लगेच या." मी पोचेपर्यंत बायको गेली होती. हृदय बंद पडलं. तिची आई अशीच एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. हिला एक्केचाळीस मिळाली.

आजार रक्तातून येतो हे आम्हाला माहीत होतं. म्हणून मूल दवाखान्यातून करायचं ठरवलं होतं. पाच गर्भ तयार झाले. तपासणीत दोन निरोगी निघाले, तिघांत तिचा दोष उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी यादी पुढे केली. मी सुतार माणूस. गाठीच्या फळीवर फुली मारून ती बाजूला काढायची, हाताला हीच सवय. बाई समजावत होत्या तोवर मी कानामागची पेन्सिल काढून तीन नंबरांवर फुल्या मारल्यासुद्धा.

ही हसली. "अहो, मलाही एक मारा की. मी त्यातलीच."

"गप गं. काहीतरीच तुझं."

"गाठीचं लाकूड चालत नाही, तर मला कशाला घरात आणलंत?"

बाईही हसल्या. मीही हसलो.

दोन्ही निरोगी गर्भ रुजले नाहीत. बाकीचे तिघे दवाखान्यातच गोठवून ठेवलेले होते. दुसऱ्या खेपेनंतर आठवडा गेला. मग भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "त्या तिघांतलं एक आणू या."

"चाळिशीत मरायला?"

"मग मी काय करतेय इतकी वर्षं? नुसती मरतेय?"

मी हत्यारांची पिशवी उचलली. कामावर निघून गेलो. नंतर चार महिने, ती जाईपर्यंत, तिने विषय काढला नाही, मीही नाही.

आता दवाखान्याचं पत्र आलंय. तिघांचं काय करायचं, कळवा. सोबत त्या यादीची झेरॉक्स आहे, माझ्या फुल्यांसकट.

मेहुणी म्हणते, "करून टाका सही, भावोजी. किती जीव जाळाल?"

छातीत कळ आली की ही कशी भिंत धरून उभी राहायची, ते मी पाहिलंय. पोटच्या पोराला ते जाणूनबुजून द्यावं, असं मला आजही वाटत नाही. पण तिचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलंय.

पत्रात दोन चौकोन आहेत. नष्ट करा. ठेवा. मुदत महिनाअखेरची आहे. मी अजून कशावरच खूण केलेली नाही.