वाकडं तोंड

पॅरिसचे विनोदी नट ऑनोरे व्हालबेर यांनी चाळीस वर्षं नाटक-सिनेमांत तोंड डावीकडे वाकडं करून लोकांना हसवलं. आज मॉन्ट्रियलमध्ये मध्यंतरानंतर ते तोंड वाकडं झालं आणि थिएटर खदखदून हसलं. पहिल्या रांगेतले निवृत्त मेंदूतज्ज्ञ उल्हास टिपणीस मात्र चरकले. आज उजवा कोपरा लोंबत होता. मग उजव्या हातातली छत्रीही गळून पडली. हशा वाढला.

"अहो, बसा," बायको दटावत होती, तोवर उल्हासराव रंगमंचावर चढलेसुद्धा. व्हालबेर भेदरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत काहीतरी बरळले. जन्मभर फ्रेंचमधून पेशंट तपासलेल्या उल्हासरावांच्या तोंडून भीतीने मराठीच निघालं, "पडदा पाडा, यांना पॅरालिसिसचा झटका आलाय."

दोघांचंही बोलणं फ्रेंचभाषक प्रेक्षकांना कळेना. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.