दसऱ्याची किक

त्रिंबकराव टिपणीस घरात कुणाशी गोडीनं बोलत असतील तर ते फक्त आपल्या मोटारसायकलशी, आणि हल्ली तीही त्यांना उत्तर देईनाशी झाली होती.

लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी ही गाडी उचलली. गाडी कसली, लोखंडाचं धूड. मोजणी खात्यातल्या नोकरीत त्यांनी ती मुरबाड, भिवंडीपर्यंत पिदाडली. नोकरी संपली, पण गाडी सुटली नाही. मग गेल्या साली बाळकुमच्या वळणावर एक म्हैस आडवी आली आणि धूड त्यांच्या अंगावर पडलं. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी ते उचललं, पण तोवर उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पाय मात्र आखूड झाला. साठीचा माणूस, त्यात लंगडा. नौपाड्यात ज्याला त्याला त्यांची दया यायला लागली, आणि दया आली की त्रिंबकरावांच्या तोंडून शिवी जायची. गाडीवर बसलं की लंगडणं दिसत नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे सांगतील ते त्रिंबकराव कसले! त्यामुळे घरात सगळे त्याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणत.

गणपतीत मुलानं विषय काढला. आनंद मुंबईला एका कचेरीत कारकून होता आणि बोलायचाही कचेरीसारखाच.

"भाऊ, डोंबिवलीचा सहदेव गाडी घ्यायला तयार आहे. विकून टाकू या. तुमच्याच्यानं आता होणार नाही."

"माझ्याच्यानं काय होणार नि काय नाही, ते तू सांगणार? तुला अजून स्टोव्ह पेटवता येत नाही!"

"मग मारा ना किक. दसऱ्यापर्यंत स्वतःच्या पायानं सुरू करून दाखवा. झाली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झाली तर दसऱ्याला सहदेव घेऊन जाईल."

"जा, सांग त्याला. हात हलवत परत जाशील म्हणावं."

नंतर भानगड नको म्हणून आनंदनं पोपट मिस्त्रीला बोलावून गाडी तपासून घेतली. पोपटनं एका किकेत ती सुरू केली आणि हात पुसत म्हणाला, "गाडी एकदम फस्क्लास आहे, साहेब." म्हणजे खोट पायातच होती, हे चारचौघांत सिद्ध झालं. त्रिंबकराव पोपटवर असे भडकले की बिचाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून रोजचा तमाशा सुरू झाला. सकाळी मंदाकिनीबाई नवऱ्याच्या मांडीला महानारायण तेल चोळायच्या. त्या तेलाचा उग्र दर्प घरभर सुटायचा. चोळून झालं की म्हणायच्या, "येईल हो ताकद. धीर धरा जरा." मग त्रिंबकराव अंगणात जायचे, आणि घाम फुटेपर्यंत किक मारायचे. गाडी हूं की चूं करायची नाही. खिडकीत सून उभी दिसली की ते ओरडायचे, "चित्रा, पोळ्या करपताहेत!" तिच्या पोळ्या कधीच करपत नसत.

गाडी उघडून बघावी असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण गाडीला दोष देणारा माणूस नामर्द, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलं होतं. शिवाय पोपटची ती एक किक सगळ्यांनी पाहिली होती. मग रोज ते आपल्या पायालाच शिव्या द्यायचे, आणि उरलेल्या शिव्या घरातल्यांना.

खंडेनवमी आली. ज्याचं हत्यार त्यानंच पुसायचं आणि पूजेला मांडलं की त्या दिवशी चालवायचं नाही, हा टिपणिसांचा रिवाज. दुपारी त्रिंबकराव चिंध्या आणि रॉकेल घेऊन गाडीपाशी बसले. टाकी पुसली, चाकं पुसली, पुसता पुसता मॅग्नेटोचं झाकण काढलं. आत दोन इवलेसे काटे असतात. ते एकमेकांना टेकतात, सुटतात, आणि त्यातून ठिणगी पडते. त्या दोन काट्यांच्या मध्ये कागदाची एक पट्टी होती.

त्रिंबकराव बघतच राहिले. पट्टी मध्ये असली की ठिणगी पडत नाही, आणि ठिणगी नाही तर पहिलवान आणला तरी गाडी सुरू होणार नाही. महिनाभर ते मेलेल्या गाडीला लाथा मारत होते!

पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांपुढे आनंद आला. हरामखोर! मग पट्टी हातात घेतली, ती तेलकट लागली. नाकाशी नेली. महानारायण तेल.

हे काटे ते नेहमी जाड कागदाच्या पट्टीनं घासून साफ करत, आणि झाकण धरून शेजारी मंदाकिनीबाई बसत. मुरबाडला असताना एकदा पट्टी आतच विसरली होती. सकाळभर त्यांनी गाडीच्या सात पिढ्या उद्धारल्या, तेव्हा बाईंनीच शांतपणे विचारलं होतं, "अहो, कागद काढलात का?" त्या दिवशी ते पोट धरून हसले होते. आज त्यांना त्या हसण्याची चीड आली. ज्या हातानं मांडी चोळायची, त्याच हातानं हे करायचं, आणि वर धीर धरा म्हणायचं!

पण रागाच्या खालून खुशीही फुटत होती. पाय निर्दोष होता! आत्ताच किक मारून बघावी असं फार वाटलं, पण नवमीला हत्यार चालवायचं नाही. त्यांनी पट्टी बंडीच्या खिशात टाकली, झाकण लावलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. उद्या सगळ्यांसमोर गाडी गर्जेल, आणि मग एकेकाचा समाचार घेऊ.

दसऱ्याला सकाळीच सहदेव आला. अंगणात झेंडूच्या माळा, रांगोळी, शेजारपाजारची माणसं. मंदाकिनीबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, हार घातला. त्रिंबकराव त्यांच्या हातांकडे रोखून बघत होते. बाईंनी वर पाहिलं नाही.

"चला, मारा बघू," आनंद म्हणाला.

त्रिंबकरावांनी धोतर खोचलं आणि किक मारली. पाय अर्ध्यात थांबला. पुन्हा मारली. पुन्हा अर्ध्यातच. एवढ्या मोठ्या इंजिनाला एका दमात तळापर्यंत दाब लागतो, आणि मांडी मध्येच सोडून देत होती. त्यांनी सगळा जोर लावला, दात खाल्ले, हँडलला लोंबकळले. हारातला झेंडू गळून पायाशी पडला. गाडी सुरू झाली नाही. कागद आत नव्हता, आणि तरीही गाडी सुरू झाली नाही.

सहदेव हळूच म्हणाला, "राहू द्या, काका."

त्या 'राहू द्या'नं घात केला. त्रिंबकराव म्हणाले, "थांबा. मशीन बघतो." लोकांकडे पाठ करून ते वाकले, झाकण काढलं, आणि वळले तेव्हा कागदाची पट्टी त्यांनी हातात उंच धरली होती.

"हे बघा! हे होतं आत! कुणी घातलं?"

आनंद पांढराफटक पडला. "भाऊ, देवाशप्पथ मी नाही."

"वास घे त्याचा."

आनंदनं वास घेतला आणि आईकडे बघितलं. मंदाकिनीबाईंच्या हातात अजून कुंकवाची वाटी होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"मी घातला," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता! आनंद आईवर ओरडला, "अगं, लाज नाही वाटली?" शेजारच्या गोदूबाईंनी गालावर बोटं ठेवली. सहदेव हात हलवत गेला. आनंद बापाच्या पाया पडला, "चुकलो, भाऊ. गाडीचं नाव काढणार नाही. मारा आता किक."

"आज नाही," त्रिंबकराव म्हणाले. "मन उडालं माझं."

ते सगळ्यांना पटलं. संध्याकाळी सोनं द्यायला येणारा प्रत्येकजण त्यांच्यापाशी हळहळला आणि बाईंकडे तिरक्या नजरेनं बघून गेला.

माणसं गेल्यावर मंदाकिनीबाई तेलाची बाटली घेऊन आल्या.

"नको," त्रिंबकराव गुरगुरले. "तुझ्या हाताचं नको."

त्या खाली बसल्या. हातावर तेल ओतलं.

"काल बंडी धुवायला काढली, तेव्हा खिशात कागद लागला," त्या म्हणाल्या. "मी परत ठेवला."

बाहेर गल्लीत पोरं आपट्याची पानं उधळत होती.

"मग सगळ्यांसमोर कबूल कशाला केलंस?"

"घातला मीच होता. बाळकुमहून तुम्हाला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तुम्ही नव्हता शुद्धीवर. मी होते. पुन्हा ते बघायचं नव्हतं मला, म्हणून घातला. काढला कुणी आणि कधी, ते कुणी विचारलं नाही."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. त्रिंबकरावांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उद्या लोक विचारतील, आता किक का मारत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "तेव्हा काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी पुन्हा तुमच्यासाठी वाईट होणार नाही. पाय इकडे करा."

त्यांनी पाय पुढे केला.